घळवाडीचं सुतक

येशीकाकीने घावण्यांची बशी माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाली, "डोंगर यायचा तवा येईल, सायेब. तुमी आधी खावा."

मी पडवीतल्या बाकावर पाय आखडून बसलो होतो. माझ्या रेनकोटातलं पाणी तिच्या ताज्या सारवणावर ठिबकत होतं आणि त्याचीच मला जास्त लाज वाटत होती. वाडी रिकामी करण्याचा हुकूम खिशात घेऊन आलेला माणूस सारवणाची काळजी करतो, हे आता आठवलं की हसू येतं. त्या दिवशी आलं नव्हतं.

आत माजघरात गणपती होता. शेजारी तेरड्याची गौर नवं लुगडं नेसून उभी. गौरीपूजनाचा दिवस. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दोघांची बोळवण व्हायची होती.

"काकी, सगळ्यांनाच जायचंय," मी म्हणालो. "शाळेत सोय केली आहे. एका रात्रीचा प्रश्न आहे."

"एका रातीचाच ना? मंग उद्या येताव की. उद्या देव गेला की आमी आपल्या पायांनी शाळेत. तुमची जीप पण नको." ती चुलीकडे वळता वळता म्हणाली, "गेल्या साली पण डोंगर येणार व्हता. दोनदा. वाट चुकला वाटतं."

अंगणात जमलेली माणसं हसली. फौजदार खरमाटे हसले नाहीत. ते मराठवाड्यातले, वर्षापूर्वीच आमच्या तालुक्यात बदलून आलेले. छत्री बाजूला धरून ते वाडीच्या माथ्याकडे बघत होते. तिथे काजूच्या बागेवर डोंगराला गेल्या वर्षी एक भेग पडली होती. सकाळी तलाठी संगीता वारंग वर जाऊन पाहून आल्या, तेव्हा तिच्यात माणूस उभा राहील एवढी ती रुंदावली होती. आणि वाडीच्या मधून वाहणाऱ्या पऱ्याचं पाणी, जे भर पावसातही नितळ असायचं, ते लाल झालं होतं.

तहसीलदार नदीकाठच्या गावांत पुरात अडकले होते, म्हणून मला पाठवलेलं. मी नायब तहसीलदार. पण खरं सांगायचं तर ग्रंथालयात शोभणारा माणूस महसूल खात्यात येऊन पडला होता. तालुक्याचा आपत्ती आराखडा लिहायचं काम आलं, तेव्हा कार्यालयात सगळ्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं, कारण जाडी पुस्तकं वाचायची खोड मला एकट्यालाच. मी तो मन लावून लिहिला होता. पूर, वादळ, वणवा, दरड. कुठल्या वाडीतली माणसं कुठल्या शाळेत न्यायची, तिथे भांडी कुणाची, कंदील कुठून आणायचे, आजाऱ्याला कोण उचलणार. त्यात गणपती कुठेच नव्हता.

प्राणप्रतिष्ठा झालेला गणपती विसर्जनाशिवाय जागचा हलवत नाहीत. त्याला घरात एकटाही ठेवत नाहीत. हे मला माहीत नव्हतं असं नाही. माझ्या घरी त्याच वेळी गणपती होता आणि आई त्याच्यापाशी बसून होती. मी ते माहीत असूनही लिहिलं नव्हतं. आपत्तीला पंचांग नसतं, असं काहीतरी तेव्हा वाटलं असावं.

खरमाटे पडवीच्या पायरीशी आले. "आठल्येसाहेब, घावणं खाऊन झाली असली तर सही करा. माझी पोरं उभी आहेत. उचलून गाडीत घालतो एकेकाला."

"बायकांना?"

"वारंग मॅडम आहेत की. नाहीतर हे आराखड्यात कुठल्या पानावर आहे ते तरी सांगा."

सक्तीने हलवायचं तर माझी लेखी सही लागत होती. मी हुकूम बाहेर काढला, परत घातला. "खरमाटेसाहेब, शाळेला दार एक आहे आणि डोंगराला वाटा दहा. आत्ता उचलून नेलं तरी संध्याकाळच्या आरतीला सगळे मागच्या पायवाटेने परत इथेच. आणि काळोखात."

"मग काय करायचं?"

मला ठाऊक नव्हतं. मी तसं म्हणालोही असेन. पावसाच्या आवाजात त्यांना ऐकू गेलं नाही.

तेवढ्यात भागोजीआबा आले. घळवाडीत सगळी भुवडांचीच घरं, एकच भावकी, आणि आबा त्यांचे गावकर. आबांनी हो म्हटलं की वाडीचं हो आणि नाही म्हटलं की नाही. सत्तरीचा उंच माणूस, डोक्यावर इरलं, पाय गुडघ्यापर्यंत लाल चिखलाने भरलेले. पायरीवर बसून त्यांनी हाताने चिखल निपटला. तो कुठला चिखल होता हे मला त्या रंगावरून कळलं. आबा भेगेपाशी जाऊन आले होते.

"बघून आलात?" मी विचारलं.

ते घरात बघत म्हणाले, "वैनी, पाणी द्या."

येशीकाकी म्हणजे आबांच्या थोरल्या भावाची, सोनू भुवडाची बायको. सोनू तरुणपणी हुबळीला रेल्वेच्या कारखान्यात गेला आणि तिकडचाच झाला. पत्र नाही, चिठ्ठी नाही. मूलबाळ नव्हतं. येशीकाकी वाडीतल्या सगळ्यात वरच्या घरात एकटी राहायची, नवऱ्याच्या नावाने दर वर्षी गणपती आणायची, आणि कपाळभर कुंकू लावायची. आदल्या वर्षी दोनदा वाडी शाळेत नेली तेव्हाही ती गेली नव्हती. घर बंद ठेवायचं नाही, माणूस आला तर दार उघडं पाहिजे, एवढंच तिचं म्हणणं. तेव्हाच्या साहेबांनी शेवटी नाद सोडला होता. वारंगबाईंनी हे मला जीपमध्ये सांगितलं होतं.

आबांनी तांब्या उंचावून पाणी प्यायलं. मग माझ्याकडे बघितलं. "सायेब, डोंगर येणार का? खरं सांगा."

खरमाट्यांनी माझ्याकडे डोळे मोठे केले. अशा वेळी ठाम बोलायचं असतं, हे मी स्वतःच आराखड्यात लिहिलं होतं. 'सूचना निःसंदिग्ध असावी.'

"मला ठाऊक नाही," मी म्हणालो.

"गेल्या साली आलेला सायेब शंभर टक्के बोललेला."

"हो. मला तसं सांगता येत नाही, आबा. येईल असं वाटतं. नाही आला तर उद्या तुम्ही मला हसाल."

"आणि तुमच्या घरी गणपती असता तर?"

"आहे."

"मंग? तुमी काय केलं असतं?"

"मी भित्रा माणूस आहे, आबा. मी हात जोडले असते आणि आईला घेऊन पळालो असतो."

कोणीतरी फिसकन हसलं. आबा हसले नाहीत. बराच वेळ ते दारातून दिसणाऱ्या गणपतीकडे बघत बसले. घराच्या मागच्या अंगाला कसलासा आवाज झाला, जाड कापड फाटावं तसा. कोंबड्या ओरडत पुढे धावल्या. "फणस मोडला असंल," कोणी म्हणालं. कुणी बघायला गेलं नाही.

आबा उठले. "जरा दुकानात जाऊन येतो. हुबळीला फोन लावायचा हाय. दादाचं बरं नाय असा निरोप आलेला."

येशीकाकी चुलीपाशी होती. तिने मान वर केली. "कंदी आला निरोप?"

"परवा," आबा म्हणाले आणि इरलं डोक्यावर घेऊन उतरू लागले.

वाडीच्या तोंडाशी, जिथे आमच्या गाड्या उभ्या होत्या, तिथे एक दुकान होतं आणि त्यात वाडीतला एकुलता एक फोन. दुकानदारही भुवडच. सणामुळे दुकान फक्त लोटून ठेवलेलं. वरून मला आबा आत जाताना दिसले, थोड्या वेळाने बाहेर येतानाही दिसले. बाहेर आल्यावर ते वळचणीखाली नुसते उभे राहिले. मला वाटलं, म्हातारा दमला.

वर येऊन ते अंगणाच्या मधोमध थांबले. डोक्यावरचं इरलं काढून खाली ठेवलं. पाऊस त्यांच्या टकलावर पडत होता.

"दादा गेला," ते म्हणाले. "काल. तिकडच्या माणसांनी उरकलंन सगळं. घाट बंद हाय, आपल्याला जाता येणार नाय."

मग एक म्हातारी मोठ्याने रडू लागली आणि तिच्यामागून बाकीच्या. मला मात्र एक वेगळीच गोष्ट दिसत होती. अंगणातल्या प्रत्येक पुरुषाने, जणू कुणी हुकूम दिल्यासारखं, घराच्या उंबऱ्यापासून एकेक पाऊल मागे घेतलं होतं. सुतक. एका भावकीचं सुतक म्हणजे सगळ्या घळवाडीचं. आता त्यांतल्या कोणालाच आपल्या घरच्या गणपतीला हात लावता येणार नव्हता. देव सुतकात ठेवायचा नसतो. त्याचं विसर्जन लगेच व्हायला हवं, आणि तेही बाहेरच्याच्या हातून.

"सायेब," आबा माझ्याकडे वळले, "आता तुमीच. तुमची माणसं परकी, त्यांना चालतं. आमी पोराबाळांना घेऊन शाळेकडं निघताव. मागं तेवढे देव तुमी पोचवा."

खरमाटे माझ्या कानाशी आले. "म्हणजे निघतायत? आपणहून?"

"नियंत्रण कक्षाला कळवून येतो," मी म्हणालो. जीपमधला वायरलेस डोंगराआड लागत नव्हता. मी घसरत घसरत दुकानाशी आलो, दार लोटलं, फोन उचलून कानाला लावला.

आवाजच नव्हता. मी खटका दाबून पाहिला, वायर हलवून पाहिली. फोनवर दाट धूळ होती आणि तिच्यावर ओल्या बोटांचे ताजे ठसे. त्या ठशांवर माझी बोटं होती.

किती वेळ मी तो मुका फोन कानाला लावून उभा होतो, सांगता येत नाही. काय करायला हवं होतं तेही अजून सांगता येत नाही. वर जाऊन खरं सांगावं, की हा माणूस जिवंत असेल, तुमच्या देवांना कुठलाही विटाळ नाही? मग सगळे परत उंबऱ्याच्या आत. सांगू नये, तर मी एका बाईला विधवा करतोय. असला प्रश्न मी वाचलेल्या एकाही पुस्तकात नव्हता.

वर आलो तेव्हा येशीकाकी पायरीवर बसली होती. दोन बायका तिला धरून होत्या. हिरव्या बांगड्यांनी भरलेले दोन्ही हात तिने मांडीवर उपडे ठेवले होते आणि ती त्यांच्याकडे बघत होती. अजून काही फुटलं नव्हतं. अजून काही पुसलं नव्हतं. ती हलत नव्हती, आणि ती हलत नाही म्हणून तिच्याभोवतीच्या बायका हलत नव्हत्या, आणि बायकांसाठी पुरुष थांबले होते. बोचकी बांधून सगळी वाडी वाटेवर उभी.

आबांनी मला पाहिलं. सगळ्यांसमोर, मोठ्याने त्यांनी विचारलं, "लागला का फोन, सायेब?"

त्यांच्या चेहऱ्यावर विनवणी नव्हती. नुसता प्रश्न होता. त्यांनी माझं उत्तर माझ्यावर सोडलं होतं.

येशीकाकीनेही मान वर करून माझ्याकडे बघितलं.

"लागला," मी म्हणालो.

येशीकाकीने अजून क्षणभर माझ्याकडे बघितलं. मग हात उचलले आणि पायरीच्या दगडावर आपटले. एकदाच. कुंकू तिने स्वतःच पदराने पुसलं. उठली, बोचकं घेतलं नाही, मागे वळून देवाकडे पाहिलं नाही, आणि सगळ्यांच्या पुढे चालू लागली. वाडी तिच्या मागे निघाली.

मग आम्ही घरोघर फिरलो. मी, खरमाटे, वारंगबाई, शिपाई, ड्रायव्हर, कोतवाल. मी प्रत्येक मूर्तीवर अक्षता टाकायचो, 'पुनरागमनाय च' म्हणून ती जराशी हलवायचो, आणि कोणीतरी ती उचलायचं. पहिल्या घराच्या पडवीत खरमाटे थांबले.

"बूट काढू?"

"काढा."

"मला मंत्रबिंत्र काही येत नाही हो."

"मोरया म्हणा. पुरे."

घराघरांत चुलीवर तशीच ठेवलेली भांडी रटरटत होती. एका घरात लाल पाणी भिंतीच्या पायातून आत शिरत होतं आणि समई तरंगायच्या बेतात होती. ड्रायव्हर म्हणाला, "साहेब, हे राहू द्या." खरमाट्यांनी त्याच्याकडे बघून एक शिवी हासडली, मग देवाच्या मूर्तीकडे बघून जीभ चावली आणि स्वतःच पाण्यात शिरले. खाली साकवाच्या छोट्या पुलापाशी वहाळ फुगला होता. आम्ही काठावर उभं राहून एकेक मूर्ती सोडायचो आणि ती दिसेनाशी व्हायची.

शेवटी येशीकाकीचा गणपती. तिच्या घरात मी एकटाच गेलो. न्हाणीच्या भिंतीला वरपासून खालपर्यंत नवी चीर पडली होती आणि बाकावर घावण्यांची बशी तशीच होती. मी मूर्ती डोक्यावर घेतली. गौर काखेत. अंगणातून जाताना पायाखाली बांगडीची काच वाजली. मागे पुन्हा तो कापड फाटल्यासारखा आवाज झाला, या वेळी लांबलचक. मी पळालो नाही, एवढंच स्वतःबद्दल बरं सांगता येईल. पळालो असतो तर मूर्ती पडली असती.

त्या रात्री डोंगर आला नाही. सकाळी पाऊस थांबला, ऊन पडलं, आणि शाळेत कुजबुज सुरू झाली. कोणी म्हणालं, तिसऱ्यांदा. कोणी माझ्याकडे बघून हसलं. एरवी असतं तर तेवढ्या उन्हात निम्मी वाडी बोळवणीच्या तयारीला घरी गेली असती. पण घरी बोळवायला कोणी उरलं नव्हतं. सुतकातली माणसं, चूल पेटवायचीही घाई नव्हती. ती शाळेच्या व्हरांड्यात बसून राहिली. दुपारी, लख्ख उन्हात, डोंगर आला. येशीकाकीचं घर सगळ्यात आधी गेलं. आवाज थांबल्यावर तांबडी धूळ वर चढत राहिली आणि खरमाटे अनवाणी पायांनी शाळेच्या अंगणात उभे राहून ती बघत होते. त्यांचे बूट वाडीतच राहिले होते.

दहाव्या दिवशी आबांनी डोकं भादरलं. सगळं रीतसर केलं. त्यांच्याशी त्या फोनबद्दल मी कधी बोललो नाही, तेही नाहीत.

पुढे सड्यावर, वरच्या कातळी पठारावर, नवी घळवाडी वसली. मी निवृत्त झालो, आबा गेले. काही वर्षांनी आबांच्या मुलाने गौरीच्या सणाला आग्रहाने बोलावलं, म्हणून गेलो. येशीकाकी खूप म्हातारी झाली होती. डोळ्यांना कमी दिसत होतं, हात रिकामे. तिने मला आवाजावरून ओळखलं आणि शेजारी बसवलं. इकडचं तिकडचं विचारलं. मग आवाज खाली न आणता म्हणाली,

"सायेब, त्या दिशी फोनवर तुमच्याशी कोण बोलला?"

मी चष्मा काढून पुसू लागलो.

"नागपंचमीपासून मेलेला फोन तो," ती म्हणाली. "उदबत्ती आणायला दुकानात मीच जायची ना. दुकानदाराला पण ठाऊक व्हता, तो पण बोलला नाय."

"मग काकी... तुम्ही..."

"भावोजी जन्मात कंदी खोटं बोलला नाय. बोलला तं मी म्हटलं, ह्यानं वर कायतरी बघितलान. तरी बसून ऱ्हायले. म्हटलं, एकट्या भावोजीच्या बोलण्यावर नवरा मारू काय? मंग तुमी आलाव. 'ठाऊक नाय' बोलणारा माणूस 'लागला' बोलला. तवा मात्र भ्याले. उठले."

आतून कोणीतरी तिला हाक मारली. तिने हात हलवून थांबायला सांगितलं.

"तो आलेला," ती म्हणाली.

"कोण?"

"कोण काय? ज्याचं सुतक पाळलं तो. दोन सालांनी. शोधत शोधत हितवर, सड्यावर आला. दारात हुबा. भावोजी घाबरला. मी म्हटलं, बसा. घावणं घातली. खाल्लीन पोटभर. मंग म्हटलं, आमच्या घरचा माणूस गेला, त्याचं सगळं आमी केलंय. आता परत कोण करील? जरा वेळ बसला, मंग गेला."

"काही बोलले नाहीत?"

"बोलला, घावणं चांगली झालीत."

तिने चाचपडत बशी पुढे सरकवली. "खावा. त्या दिशी तशीच टाकून गेलाव."

मी खाल्ली.